राखाडी बुचाची नळी

(दृश्य : बीड जिल्ह्यातलं रुग्णालय, रात्रीचा तातडीचा विभाग.)

ऊस तोडताना कोयता पायाला लागला. हळद भरून फडकं बांधलं, आणि चौथ्या दिवशी माणूस बरळायला लागला. श्वास मिनिटाला 22 च्या वर, वरचा रक्तदाब 100 च्या खाली. सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गानं अवयव निकामी होऊ लागल्याचा, संशय इथंच धरायचा, रिपोर्ट येण्याआधी.

(दृश्य : नळी, अगदी जवळून.)

लॅक्टेट, म्हणजे अवयवांना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ. त्याच्या तपासणीचं रक्त या राखाडी बुचाच्या नळीत घेतात. नळीत गेल्यावरही तांबड्या पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट तयार करत राहतात. आतलं फ्लोराइड ते थोपवतं, पण लगेच नाही. म्हणून नळी बर्फात, आणि पंधरा मिनिटांत मशीनवर. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, रुग्णाला मूठ आवळायला लावली, तरी आकडा उगाच चढतो. तालुक्याहून एप्रिलच्या उन्हात जीपमधून आलेल्या नळीवर विसंबू नये. रक्त पुन्हा घ्यावं. फिटचे झटके, यकृताचा आजार किंवा दम्याचं सालब्युटामॉल यांनीही लॅक्टेट वाढतं, हे ध्यानात ठेवावं. 2 मिलीमोलच्या वर आलं, तर दोन ते चार तासांत परत तपासायचं. उपचार लागू पडतोय की नाही, ते दुसरा आकडा सांगतो.

सीआरपी, दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासायला स्वस्त आहे, पण संथ. पूर्ण चढायला दुसरा दिवस उजाडतो, आणि सूज कसलीही असली तरी चढतं.

प्रोकॅल्सिटोनिन, जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं दुसरं प्रथिन, चार-सहा तासांत वाढू लागतं. फार लवकर रक्त घेतलं, किंवा पू एकाच जागी कोंडलेला असला, तर ते 0.5 नॅनोग्रॅमच्या आतही येतं. उलट मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, मलेरिया यांत सेप्सिस नसतानाही चढतं. त्यामुळे अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही, हे त्यावर ठरवू नये. त्याचा खरा उपयोग औषध थांबवताना होतो : रुग्ण सुधारलाय आणि आकडा 0.5 च्या आत आलाय, किंवा सर्वांत वरच्या आकड्यापेक्षा 80 टक्क्यांनी उतरलाय.

(दृश्य : ब्लड कल्चरच्या बाटल्या.)

कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, औषधाआधी, दोन वेगवेगळ्या जागांहून, मोठ्या माणसाला दर बाटलीत 8 ते 10 मिली. रक्त कमी पडलं, तर जंतू हाती लागत नाहीत. कातडी पुसून पूर्ण सुकू द्यावी, नाहीतर कातडीवरचेच जंतू बाटलीत वाढतात. बाटली फ्रीजमध्ये कधीही ठेवू नये. रुग्ण शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्तदाब कोसळला असेल, आणि शीर सापडत नसेल, तर कल्चरसाठी अडून राहायचं नाही. तासाच्या आत अँटिबायोटिक गेलंच पाहिजे. रक्त मिळालं, की वेळ आणि हात, डावा का उजवा, बाटलीवर तिथंच लिहायचं.