जुने काळे स्विच, नवा कीबोर्ड

(दृश्य: टेबलावर पालथा ठेवलेला, पिवळट पडलेला कीबोर्ड. कॅमेरा मागच्या स्टिकरवर.)

जुन्या कीबोर्डातले स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखालची यंत्रणा, काढून नवा कीबोर्ड बांधायचा आहे. त्यासाठी जुना कीबोर्ड विकत घेताना आधी तो पालथा करून बघायचा. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर 'जी ८०'नं सुरू होत असेल, तर आत चेरी कंपनीचे एमएक्स स्विच आहेत. 'जी ८१' असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या. वरून दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण जी ८१ मध्ये एमवाय जातीचे स्विच असतात. त्यांचा संपर्क खालच्या पातळ फॉइलच्या थरांत होतो, त्यामुळे ते सुटे काढून दुसऱ्या सर्किट बोर्डावर बसवता येत नाहीत. नवखी मंडळी पहिल्यांदा फसतात ती इथेच.

स्टिकर पटला की एक कॅप, म्हणजे बटणाचं वरचं टोपण, सरळ वर उपसा. आतला स्टेम, म्हणजे खाली-वर सरकणारा दांडा, काळा दिसला, तर हा एमएक्स ब्लॅक. दाबताना टिक नाही, मधे अडखळणं नाही, वरपासून खालपर्यंत एकसारखी चाल. एकूण प्रवास ४ मिलिमीटर, त्यातल्या २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं, आणि त्या क्षणी बोटाला लागणारा जोर ६० सेंटिन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं ६० ग्रॅम.

१९८० च्या दशकात हे स्विच जर्मनीत बनू लागले. चेरीच्या स्वतःच्या कीबोर्डांत गेले, तसेच वाइजसारख्या कंपन्यांच्या टर्मिनल्समध्येही. आज कीबोर्ड घरी बांधणारे हेच जुने स्विच शोधत फिरतात, कारण ते नव्यापेक्षा गुळगुळीत चालतात.

का चालतात, यावर वाद आहे. एक म्हणणं साच्याचं: साचा वर्षानुवर्षं चालला की त्याचा पृष्ठभाग झिजतो आणि ती खरखर पुढच्या प्रत्येक स्टेमवर उमटते. दुसरं म्हणणं वापराचं: लाखो वेळा घासून प्लॅस्टिक स्वतःच पॉलिश होतं. एका कीबोर्डावर याची परीक्षा घेता येते. 'पॉज'चं बटण क्वचितच कुणी दाबतं, 'ई' दिवसभर दाबलं जातं. दोन्ही स्विच एकाच काळातले. स्वच्छ केल्यावर 'ई' जास्त मऊ लागला, तर तो फरक वापराचाच.

(दृश्य: बिलिंग काउंटरवरचा टीव्हीएस गोल्ड.)

आपल्याकडे जी ८० सहजी मिळत नाही. टीव्हीएस गोल्ड मात्र मिळतो. औषधाची दुकानं, डीटीपीची कामं, टायपिस्टांची टेबलं, सगळीकडे या कीबोर्डानं वर्षं काढली. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत चेरीचेच एमएक्स ब्लू आहेत, टिकटिक आवाजाचे. सगळ्याच गोल्डमध्ये चेरी नसतात, नंतरच्यांत दुसऱ्या बनावटीचे स्विच आले. म्हणून इथेही कॅप काढून स्विचच्या माथ्यावर 'चेरी' अशी अक्षरं कोरलेली आहेत का ते बघायचं. पुढची बहुतेक कृती ब्लूलाही लागू आहे. जिथे वेगळी आहे, तिथे सांगू.

एक गोष्ट आधीच. चालू आणि धड असलेला जुना कीबोर्ड स्विचसाठी फोडू नका. कंट्रोलर गेलेला, केस तडकलेली, केबल तुटलेली, असा निवडा. फक्त गुळगुळीत चाल हवी असेल, तर चेरीचे २०२३ मध्ये आलेले एमएक्स २ए स्विच कारखान्यातूनच वंगण लावून येतात. ते घेणं कितीतरी सोपं आहे.

(दृश्य: उघडा बोर्ड, सोल्डरची बाजू वर.)

आता खरं काम. १०५ बटणं, प्रत्येकी दोन पिना, म्हणजे २१० सांधे. जुना स्विच बिघडतो तो याच टेबलावर. तीस वर्षांच्या टायपिंगनं त्याचं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं सोल्डरिंग आयर्न पाच-सहा सेकंद जास्त टेकवल्यानं होतं. पिनेतून उष्णता आत चढते, पिन ज्या प्लॅस्टिकमध्ये रुतलेली असते ते मऊ पडतं, आणि पिन किंचित तिरकी बसते. बाहेरून काहीच दिसत नाही. स्विच फक्त कधी लागतो, कधी लागत नाही.

म्हणून दुरुस्तीतली नेहमीची सवय इथे उलटी करायची. एरवी आपण बोर्ड वाचवतो आणि सुटा भाग फेकतो. इथे बोर्ड भंगारात जाणार आहे. त्याची तांब्याची पट्टी उखडली तरी हरकत नाही, स्विचला चटका बसता कामा नये.

आयर्न ३३० ते ३५० अंशांवर. २००६ च्या आधीच्या बोर्डांवर बहुधा शिशाचं सोल्डर असतं आणि ते १८५ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे आयर्न आणखी तापवण्याचं कारणच नाही. पण जुनं सोल्डर वरून मळलेलं, कोरडं असतं, उष्णता घेत नाही. त्यावर आधी नव्या ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डरचा छोटा थेंब द्या. नव्या थेंबातल्या फ्लक्समुळे (मळ काढणाऱ्या द्रव्यामुळे) जुनं सोल्डरही लगेच वाहतं. दोन सेकंद, आणि सोल्डर ओढायच्या पंपानं ओढून घ्या. एका दमात निघालं नाही, तर पुन्हा आयर्न टेकवू नका. पुढच्या पिनेकडे जा, ही थंड झाली की परत या. खिडकी उघडी ठेवा, आणि हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावू नका.

(दृश्य जवळून: चिमट्याचं टोक पिनेला हलवतं. 'टिक' असा बारीक आवाज.)

हा आवाज ऐका. सोल्डर ओढून झाल्यावरही पिन भोकाच्या कडेला चिकटलेली असते. चिमट्यानं तिला हलकेच बाजूला ढकललं की ती अशी सुटते. दोन्ही पिना सुटल्या की स्विच बोटांनी वर येतो. येत नसेल, तर खाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. स्विच वर येईल, पिन बोर्डातच राहील.

काढलेले स्विच एका डब्यात ओतायचे नाहीत. अक्षरांचे वेगळे, नंबर-पॅडचे वेगळे, वरच्या एफ-ओळीचे वेगळे. स्पेसबारचा तर एकटाच ठेवा. ब्लॅकच्या बऱ्याच कीबोर्डांत स्पेसबारखाली काळ्याऐवजी गडद करड्या स्टेमचा, जास्त जड स्प्रिंगचा स्विच असतो. तो चुकून 'के'च्या जागी बसला, तर प्रत्येक वाक्यात बोटाला टोचेल. काही बोर्डांत कॅप्स लॉकला दाबून अडकणारा स्विच असतो, तोही बाजूला. आणि एखाद्या स्विचला दोनाऐवजी चार धातूच्या पिना दिसल्या, तर आत डायोड किंवा तारेचा जोड आहे. नव्या बोर्डावर त्या जादा पिना नकोत. स्विच उघडून तो डायोड किंवा ती तार काढून टाका.

(दृश्य: मल्टिमीटर.)

प्रत्येक स्विच मोजा. मीटर ओहमवर, दोन टोकं दोन पिनांना, आणि स्विच हळू, अगदी हळू दाबा. आकडा एकदम एक ओहमच्या खाली येऊन स्थिर राहिला, तर स्विच चांगला. स्वस्त मीटरच्या वायरीच अर्धा ओहम दाखवतात, त्यामुळे शून्याचा हट्ट नको. आकडा नाचत असेल, तर आत घाण आहे किंवा फ्लक्स शिरला आहे. एमएक्सच्या संपर्कावर सोन्याचा थर असतो, तो सहसा गंजत नाही. म्हणून अशा स्विचला घाईनं बाद करू नका. उघडून संपर्काच्या पातीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, शंभरेक वेळा दाबणं, वाळवणं, आणि पुन्हा मीटर. यानंतरही नाचला, तर मात्र बाद.

उघडायला चार खाचांचा ओपनर मिळतो. आत वरचं कवच, स्टेम, स्प्रिंग आणि धातूच्या पात्या धरलेलं खालचं कवच. वरची कवचं आणि स्टेम कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून पंधरा मिनिटं. गरम पाणी नको. खालची कवचं पाण्यात न टाकलेली बरी, त्यांना अल्कोहोल आणि मऊ ब्रश. स्प्रिंगांना पाणी अजिबात नाही, गंज धरतो. सगळं पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवस. आणि घरोघरी असलेला तो गंज सोडवणारा स्प्रे इथे चालत नाही. त्याचा चिकट थर आत राहतो आणि धूळ धरतो.

मूळ स्प्रिंग ठेवायची की बदलायची? काळ्याची जुनी स्प्रिंग दिवसभराच्या टायपिंगला जड पडते, म्हणून बहुतेक जण बदलतात. इथे आकड्यांचा घोळ होतो. चेरीचे ६० हे अक्षर उमटतानाच्या जोराचे आहेत. बाजारातल्या स्प्रिंगांवरचे ६२ किंवा ६५ ग्रॅम बहुधा तळाला टेकतानाच्या जोराचे असतात. म्हणजे '६२ची' स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा बरीच हलकी निघते. विकणाऱ्याला हे विचारून घ्या.

(दृश्य जवळून: बारीक ब्रशनं स्टेमच्या कडेला वंगण.)

वंगण क्रायटॉक्स कंपनीचं २०५ जी ० नावाचं ग्रीस. तीन ग्रॅमची डबी ६५ स्विचना पुरून उरते. ब्रश शून्य नंबरचा. खालच्या कवचातल्या दोन उभ्या रुळांवर आणि स्टेमच्या त्याच बाजूंवर इतका पातळ थर, की प्लॅस्टिक ओलसर दिसेल पण पांढरं दिसणार नाही. पांढरं दिसलं, तर जास्त झालं. ब्रश कोरडा करून उचलून घ्या. स्टेमच्या ज्या दोन पायांनी धातूची पाती ढकलली जाते, त्यांना जवळजवळ काहीच नाही. वंगण संपर्कावर गेलं, तर स्विच चालेल, पण मधूनच अक्षर खाईल. स्प्रिंगा एका झिपच्या पिशवीत टाकून क्रायटॉक्सच्याच १०५ तेलाचे आठ-दहा थेंब आणि मिनिटभर हलवणं, त्यानं स्प्रिंगचा टणत्कार जातो.

ब्लूवाल्यांनी इथे थांबावं. ब्लूचा स्टेम दोन तुकड्यांचा असतो. पांढरा तुकडा निळ्यावर सरकून आपटतो, त्याचाच तो टिक आवाज. तिथे वंगण लागलं की आवाज मरतो. ब्लूला फक्त स्प्रिंगचं तेल द्या.

जुन्या कवचांत वरचा भाग थोडा हलतो. ०.१५ मिलिमीटरची फिल्म, म्हणजे पातळ प्लॅस्टिकची चकती, दोन कवचांमधे घातली की घट्ट होतो. त्याहून जाड घातली, तर चारपैकी एखादी खाच लागत नाही, आणि ते प्लेटमध्ये बसवल्यावर कळतं.

बोर्ड निवडताना हॉट-स्वॅपचा, म्हणजे सोल्डरशिवाय स्विच सॉकेटमध्ये खोचायच्या बोर्डाचा, मोह आवरा. जुन्या पिनांवर सोल्डरचा थर उरलेला असतो. त्या जाड पिना सॉकेटची पकड फाकवतात, आणि नंतर नवा स्विच घातला तर तो सैल बसतो. हॉट-स्वॅपच हवा असेल, तर प्रत्येक पिन तांब्याच्या विकनं, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या विणलेल्या पट्टीनं, सपाट होईपर्यंत पुसा. सोल्डरचा बोर्ड घेणं जास्त शहाणपणाचं. स्विच धरून ठेवणारी प्लेट १.५ मिलिमीटरची, भोकं १४ बाय १४ मिलिमीटर. स्विचखाली प्लॅस्टिकचे दोन जादा खुंट असतील आणि बोर्डाला त्यांची भोकं नसतील, तर ते कटरनं छाटा. ॲपलच्या १९८७ च्या एक्स्टेंडेड कीबोर्डातले ऑल्प्स स्विच मिळाले असतील, तर ही प्लेट, हा बोर्ड आणि या कॅप, यातलं काहीच चालणार नाही. त्यांची भोकं आणि पिनांची जागा वेगळी असते.

६० टक्के आकाराच्या (नंबर-पॅड, बाण आणि एफ-ओळ नसलेल्या) कीबोर्डाला ६१ स्विच, लांब बटणं सरळ ठेवणारे दोन युनिटचे चार स्टॅबिलायझर आणि स्पेसबारचा ६.२५ युनिटचा एक. एक युनिट म्हणजे साध्या अक्षराच्या बटणाची रुंदी. सोल्डर करण्याआधी नुसता बोर्ड संगणकाला जोडा आणि स्विचच्या दोन भोकांना चिमट्यानं जोडून प्रत्येक अक्षर उमटतं का बघा. स्टॅबिलायझर आधी, मग प्लेट, मग चार कोपरे आणि मधला स्विच, मग बाकीचे. बोर्ड उलटा करून मोजा: १२२ पिना दिसल्याच पाहिजेत. जुन्या पिना वाकलेल्या असतात, एखादी भोकात न जाता स्विचखाली चपटी होते. एकदा सपाट पक्कडीनं सरळ करता येते. पुन्हापुन्हा वाकवली, तर तुटते.

सोल्डर करण्याआधी सगळे स्विच एकदा बोटांनी दाबून बघा. प्लेटमध्ये बसलेल्या एमएक्सच्या खाचा प्लेटखाली दबतात, स्विच उघडता येत नाही. आत काही राहिलं असेल, तर मागचा सांधा पुन्हा सोडवावा लागेल, आणि त्या पिनेला हा दुसरा चटका.

(दृश्य: पडद्यावर एकाच दाबात दोनदा उमटलेली अक्षरं.)

बांधून झाल्यावर एखादं अक्षर दोनदा उमटलं, तर लगेच आयर्न उचलू नका. क्यूएमके फर्मवेअरमध्ये (कीबोर्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) डिबाउन्स, म्हणजे एका दाबाचे दोन न मोजण्यासाठी थांबायचा वेळ, मुळात ५ मिलिसेकंद असतो, तो १० करून बघा. गेलं, तर विषय संपला. अक्षर उमटतच नसेल, तर सांधा कोरडा आहे, दोन सेकंद आयर्न आणि थोडं सोल्डर. बटण वर यायला आळस करत असेल, तर हलक्या स्प्रिंगला वंगण जास्त झालंय, तो स्विच काढावाच लागेल.

१०५ मधून ६१ गेले, ४४ उरले. त्यांतले बाद आणि स्पेसबारचा जड वगळून पाच सुटे याच कीबोर्डासाठी ठेवा, झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, वर मॉडेल नंबर आणि स्टिकरवरचं वर्ष लिहून. स्वतंत्र नंबर-पॅडला १७ लागतात. तेवढे बहुतेक वेळा निघतात.