तेराव्यानंतर कोण येतं?

(औसा येथील वाचनालयात निवृत्त आरोग्य सेविकेने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘दुःख, एकटेपणा आणि ताण’. तिन्हींवर बोलते. पण माझ्या मनात बरीच वर्षं एक गोष्ट घोळतेय, ती आधी ऐका.

आपल्याकडे माणूस गेलं की पहिले तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. शेजारचे कडू घास आणतात, भावकी येते, पाहुणे ओसरीवर बसून राहतात. हे फार चांगलं आहे, माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. तेरावं झालं, मांडव निघाला, पाहुण्यांच्या गाड्या गेल्या, की त्या घराकडे कुणी फिरकत नाही. मला विचाराल तर खरं दुःख तेव्हा सुरू होतं. तोवर त्या घरातल्या बाईला रडायलासुद्धा सवड मिळालेली नसते.

1993 चा किल्लारीचा भूकंप इथल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना सांगायला नको. 29 सप्टेंबरला गणपती बोळवले, लोक दमून झोपले आणि 30 च्या पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आलं. जवळजवळ 10 हजार माणसं गेली. मी तेव्हा पत्र्याच्या शेडांतून गोळ्या वाटत फिरायची. एका शेडमध्ये एक मावशी होती, दोन तरणी पोरं गेलेली. गाड्या यायच्या, साहेब यायचे, सगळ्यांचा एकच प्रश्न, “मावशी, कोण कोण गेलं?” ती नावं सांगायची आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करायची. जेवण तसंच पडून राहायचं. मीही रोज “मावशी, खा की” म्हणून पुढच्या शेडला जायची.

पलीकडच्या शेडमध्ये तिच्याच गावची एक बाई होती. दोन्ही घरांचं बांधावरून जुनं वाकडं होतं. एक दिवस ती जुनेर लुगड्यांचं गाठोडं घेऊन आली, म्हणाली, “वाकळ शिवायलेय, एकटीला ताणून धराया येईना. टोक धर.” पोरांचं नाव नाही, सांत्वन नाही. मावशीनं टोक धरलं. दुसऱ्या दिवशीही धरलं. मग एका दुपारी मी तिथं असताना मावशी एकदम कडाडली, “अगं, केवढाले टाके घालायलीस! उसवल की सगळं!” आणि सुई ओढून घेतली. शेडमधल्या बाया गप्प झाल्या. कित्येक दिवसांत तिनं आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या संध्याकाळी तिनं भाकरी खाल्ली.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे: तेरावं झाल्यावर जा, आणि हातात काम घेऊन जा. ज्वारी निवडायला न्या, शेवग्याच्या शेंगा न्या. समोरासमोर बसून “कसं वाटतंय?” विचारलं की माणूस आकसतो. खाली मान घालून काम करताना बोलतो. आणि “देवाला आवडला”, “सावर आता” हे म्हणू नका. गेलेल्याचं नाव घ्या. घरच्यांना त्याचं नाव ऐकायचं असतं, आपणच टाळतो.

भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. घरं मजबूत, रस्ते रुंद, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण जुन्या वाड्याची ढेलज गेली. जाता-येता कुणी टेकायचं, ते बंद झालं. आता तर भूकंपाशिवायच घरं रिकामी होतायत. हसू नका, इथल्या निम्म्यांची पोरं हिंजवडीत आहेत! रात्री नऊला व्हिडिओ कॉल येतो. पण दुपारी तीन वाजता आईजवळ कोण असतं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. तर ताण. लातुरात नीटच्या तयारीला खोली करून राहणारं पोर घरी आलं, तर आल्या आल्या मार्क विचारू नका. आधी जेवू-झोपू द्या. सोयाबीनचा भाव पडला की घरातला कर्ता माणूस बोलायचं बंद करतो, रात्र रात्र जागतो. तेव्हा बायकोनं एकटीनं ओझं घेऊ नये, त्याच्या मित्राला सांगावं.

दुःखाला औषध लागतं का? बहुतेकांना नाही. पण सहा महिने उलटूनही तीच ओढ, तीच तडफड तितकीच तीव्र असेल, रोजचं काम होत नसेल, तर तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही आजारांच्या यादीत त्याची नोंद केलीय, ती यादी 2022 पासून लागू आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं न्या.

कुणी “जगून काय करू” म्हणालं, तर सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतोय का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. दोर, फवारणीचं औषध दूर ठेवा. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 हा नंबर लिहून घ्या. रात्रंदिवस चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि प्रयत्न करून वाचलेल्याला पोलिसांच्या भीतीनं घरात लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानं तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर आहे.

मागच्या बाकावरच्या ताईंनी मघापासून हात वर केलाय. विचारा ताई.