नांगर, लिंबू आणि कॉन्व्हेंटचा बॅज

(बॅज कॅमेऱ्याजवळ धरून)

हा बघा. चिमटीत मावेल एवढासा. कडेचे टवके उडालेत, मागची पिन गंजलीय. माझ्या एका मैत्रिणीचा आहे. घर मराठी, पण वडिलांची नोकरी कोलकात्याला, म्हणून शाळा लोरेटो, म्हणजे कॅथलिक नन्सची कॉन्व्हेंट शाळा. मी विचारलं, यावर काय काय आहे गं? म्हणाली, "क्रूस कळतो. त्याच्यासोबतचा तो हुक कशाचा, ते मी बारा वर्षांत कधी विचारलंच नाही."

हुक नाही तो. नांगर आहे.

आता नांगर म्हटलं की आपल्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांपुढे बैलजोडी येते. कोळीवाड्यात विचारा, ते होडीकडे बोट दाखवतील. मराठीत शेतातल्याला आणि समुद्रातल्याला शब्द एकच, आणि इथला नांगर समुद्रातला. बायबलमध्ये, इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. वादळ थांबवणं त्याच्या हातात नाही. तो नाव वाहून जाऊ देत नाही, एवढंच.

पण खरी गंमत पुढे आहे. पहिल्या काही शतकांत रोममध्ये ख्रिस्ती असणं जिवावर बेतू शकायचं. तिथल्या भुयारी दफनभूमीत उघड क्रूस क्वचितच सापडतो, नांगर मात्र बरेच कोरलेले दिसतात. उभा दांडा, त्यावर आडवी पट्टी. जाणकाराला त्यात क्रूस दिसायचा, बाकीच्यांना नावेचं सामान. हे लपवणं लक्षात ठेवा, परत येतोय त्याच्याकडे.

शिवाय दोन हृदयं आहेत. काट्यांनी वेढलेलं येशूचं, आणि तलवार आरपार गेलेलं मरियेचं. शाळकरी पोरींच्या गणवेशावर तलवार! लूकच्या शुभवर्तमानात आई तान्ह्या येशूला घेऊन मंदिरात जाते, तेव्हा शिमोन नावाचा म्हातारा तिला सांगतो, तुझ्याही जिवातून तलवार जाईल. बाळाला बघून कुणी असं बोलतं का? आपल्याकडे असता तर आजीने मीठमोहऱ्याच ओवाळल्या असत्या.

आणि हे लॅटिन वाक्य. क्रूची डुम स्पिरो फिदो. श्वास आहे तोवर माझा भरवसा क्रुसावर. लॅटिनमध्ये 'स्पिरो' बाईही म्हणते, पुरुषही म्हणतो. मराठीत 'घेतो' की 'घेते' ते ठरवावंच लागतं. या शाळांपुरतं उत्तर सोपं आहे: मी श्वास घेते.

या शाळांमागची बाई कोण? मेरी वॉर्ड. जन्म १५८५, इंग्लंडमधलं यॉर्कशर. तेव्हा तिथे उघडपणे कॅथलिक पंथ पाळणं हा गुन्हा. म्हणून तिने समुद्र ओलांडून सेंट-ओमेरला, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, १६०९ साली बायकांची संस्था काढली. तिचं म्हणणं असं, की नन्सनी मठाच्या भिंतीआड का बसायचं? जेझुइट या कॅथलिक संघातल्या पुरुषांसारखं बाहेर पडू, मुली शिकवू. चर्चला हे पचलं नाही. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी संस्थाच मोडीत काढली आणि मेरीला पाखंडी म्हणून म्युनिकच्या एका मठात कोंडलं. म्हणजे कॅथलिक असल्याचा धोका इंग्लंडमध्ये, आणि कैद कॅथलिकांच्याच हातून!

(लिंबू हातात घेऊन)

तिथून ती मैत्रिणींना पत्रं लिहायची, लिंबाच्या रसाने. कागद कोरा दिसतो. विस्तवाजवळ धरला की अक्षरं तपकिरी होऊन वर येतात. घरी करून बघा, पण पोरांच्या हातात मेणबत्ती देऊ नका.

तिला संस्थापक म्हणून उघड मान मिळायला १९०९ उजाडलं. तोवर तिच्या सोबतिणींनी परंपरा टिकवली, आणि शाळा जगभर पोचल्या होत्या. आयर्लंडच्या फ्रान्सेस टेरेसा बॉल यांनी डब्लिनजवळच्या घराला इटलीतल्या लोरेटो या तीर्थस्थानाचं नाव दिलं, आणि तिथल्या नन्स १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात उतरल्या. मदर तेरेसाही आधी लोरेटोच्याच.

मेरीने पत्रांत ज्यांचा ध्यास घेतला ते तीन शब्द: स्वातंत्र्य, न्याय, सच्चेपणा. आपल्याकडे 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड' म्हणजे फाडफाड इंग्रजी, लग्नाच्या जाहिरातीतला एक गुण! 'न्याय' बघायचा तर कोलकात्यातल्या सियालदाची लोरेटो बघा. १९७९ साली तिथे मुख्याध्यापिका झालेल्या सिस्टर सिरिल मूनी यांनी फुटपाथवरच्या मुलांना शाळेत आणलं, आणि त्यांना शिकवायला बसवलं शाळेतल्याच मुलींना. २००७ मध्ये सिस्टरना पद्मश्री मिळाली.

मेरी १६४५ साली वारली, यॉर्कजवळ. तिच्या थडग्याची शिळा ऑस्बल्डविकच्या चर्चमध्ये आहे, आणि ते चर्च कॅथलिक नव्हे, अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य प्रोटेस्टंट पंथाचं! नन होती, संस्था काढली, असं काही कोरणं शक्यच नव्हतं. म्हणून एवढंच कोरलं, की गरिबांवर प्रेम करणं, त्यांच्यासोबत जगणं, मरणं आणि पुन्हा उठणं हाच हिचा ध्यास.

नन नाही, संस्था नाही, पण जाणकाराला सगळं दिसतं, बाकीच्यांना नुसती एक दयाळू बाई. नांगराचीच युक्ती आहे ती.