डाव्या हातानं शेकहँड

नमस्कार मंडळी. आज जरा घरचंच सांगतो. आमची भाची गाईड आहे, म्हणजे शाळेत पोरांचं स्काऊट असतं तसं पोरींचं गाईड, तिला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि तो घ्यायला आम्ही सगळी फौज दिल्लीला गेलो, ताई, दाजी, मी आणि आजीसुद्धा, कारण आजी म्हणाली नात राष्ट्रपतींच्या सहीचं सर्टिफिकेट घ्यायला चालली आणि मी काय रंकाळ्यावर फिरत बसू होय? कोल्हापूरहून निजामुद्दीनला थेट गाडी आठवड्यातनं एकदाच, त्यामुळं तिकिटाची जी पळापळ झाली ती विचारूच नका.

घरी आल्यापासनं जो भेटतोय तो विचारतोय, दहावीला किती मार्क वाढणार? अहो वाढतील की, सवलतीचे गुण असतात, पण पोरगी शिकली काय हे कोणच विचारत नाही. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, म्हणजे एकेक पायरी, मग राज्य पुरस्कार आणि तो असला तरच पुढं राष्ट्रपतीच्या चाचणीला बसता येतं. त्यात गाठी आल्या, तंबू आला, होकायंत्र, प्रथमोपचार, बिनभांड्याचा स्वयंपाक, आणि लॉगबुक लिहून लिहून बोटं दुखतात ते वेगळंच. मधी दाजी गाडीवरनं घसरले, हात वर होईना, तर हिनं गळ्यातला स्कार्फ सोडला, त्याची झोळी केली, हात अलगद आत ठेवला आणि खांद्याजवळ रीफ नॉट मारली, म्हणजे गाठ चपटी बसते, टोचत नाही. आम्ही मोठी माणसं नुसती पाणी आण, हळद आण करत होतो.

सोहळ्यात कसं, नाव पुकारलं की पुढं जायचं, तीन बोटांचा सॅल्यूट, मग शेकहँड. भाचीनं डावा हात पुढं केला आणि मागनं आजी मोठ्यांदा, "अगं डाव्या हातानं काय!" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. जगभरातले स्काऊट-गाईड डावाच हात मिळवतात, हे मी तिला तिथंच समजावलं. ती म्हणाली, असू दे, पण प्रसाद घेताना उजवाच.

आणि हे पोरींना कुणी ताटात वाढून दिलेलं नाही बरं का. 1907 ला स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर शिबिर घेतलं ते पोरांचं, 1909 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात पोरी आपण होऊन जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं 1910 ला गाईडची चळवळ निघाली. आपली भारत स्काऊट्स अँड गाईड्स 1950 ची. त्यात गाईडवाल्या आल्या त्याच्या पुढच्या वर्षी.

तुमच्या घरात दहा वर्षांची पोरगी असली तर शाळेत गाईड कंपनी, म्हणजे गाईड पोरींचं पथक, आहे का बघा, नसली तर मुख्याध्यापकांच्या मागं लागा, आणि आत्तापासनंच लागा, नववीत जागं होऊन जमत नाही हे, एकेका सोपानाला महिने जातात.