अठ्ठेचाळीस वाद्यांचा सवाल-जबाब

(पडदा काळा. चित्र नाही. दहा सेकंद फक्त आवाज.)

काय ऐकलंत? भोंगा? विमानांचा ताफा? की पत्र्यावरून कुणीतरी करवत ओढतंय?

ही ५२ तंतुवाद्यं आहेत. २४ व्हायोलिन, १० व्हायोला, १० चेलो आणि ८ डबल बेस. प्लग नाही, अॅम्प्लिफायर नाही, टेपची करामत नाही. लाकूड, तार, गज आणि माणसाची बोटं. बास.

(पडद्यावर स्वरलिपीचं पान. कॅमेरा हळूहळू जवळ.)

हे त्याचं लिखाण. पाश्चात्त्य संगीतातल्या ओळखीच्या पाच रेघा मध्येच पुसल्यासारख्या होतात आणि त्यांच्या जागी येतात जाड काळे पट्टे. पट्टा म्हणजे शेजारशेजारचे सगळे स्वर, अगदी स्वरांच्या मधल्या फटींसकट, एकाच वेळी. काळा त्रिकोण म्हणजे तुमच्या वाद्यावर निघेल तेवढा उंच सूर. नेमका कोणता, ते सांगितलेलं नाही. कुठे घोडीच्या पलीकडे गज ओढायचा, कुठे वाद्याच्या पोटावर थाप मारायची. आणि खाली मात्रा नाहीत, सेकंद आहेत.

हे लिहिणारा तरुण पोलंडमधल्या देंबित्सा या छोट्या गावचा, क्राकूफमध्ये शिकलेला. क्शिश्तोफ पेंडेरेत्स्की. स्वतः व्हायोलिन शिकलेला, त्यामुळे वाद्याला कुठे डिवचलं की ते ओरडतं हे त्याला पक्कं ठाऊक. वर्ष १९६०. रचनेचं मूळ नाव होतं नुसता कालावधी: आठ मिनिटं सदतीस सेकंद. ‘हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत’ हे नाव नंतर दिलं गेलं. आज ती रचना ऐकताना बॉम्ब ऐकू येत नाही असा माणूस सापडणं कठीण. नावामुळे कान किती बदलतो पाहा.

पण आपली गोष्ट त्याच्या पुढच्या रचनेची आहे.

(मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख. कागदावर सरकणारी सुई.)

१९६१. नाव ‘पॉलिमॉर्फिया’. वाद्यं ४८, पुन्हा सगळी तंतुवाद्यंच. क्राकूफमध्ये मनोरुग्णांना ते शोकगीत ऐकवलं गेलं आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूचे आलेख काढले गेले. पेंडेरेत्स्कीने त्या आलेखांच्या वरखाली जाणाऱ्या रेषा घेतल्या आणि वादकांसमोर ठेवल्या. म्हणजे एका रचनेने माणसांच्या डोक्यात जो कल्लोळ उठवला, तोच दुसऱ्या रचनेची स्वरलिपी झाला. स्टॅन्ली क्युब्रिकचा ‘द शायनिंग’ हा भयपट पाहताना ज्यांनी पाय वर घेतले असतील, त्यांनी ‘पॉलिमॉर्फिया’ न कळत ऐकलेली आहे.

सगळा गोंगाट होऊन गेल्यावर शेवटी काय येतं?

(आवाज: शेवटचा स्वरसमूह.)

सी मेजर. हार्मोनियमवर पांढरी एकचा सा धरा आणि सा, ग, प एकदम दाबा. पेटी शिकायला बसलेलं पोरही पहिल्या आठवड्यात हे तीन स्वर दाबून पाहतं. ४८ वाद्यं इतका वेळ किंचाळून शेवटी तिथे येऊन थांबतात. काहींना ती थट्टा वाटते, काहींना सुटका. मला पेंडेरेत्स्की दार अर्धवट उघडं टाकून गेल्यासारखा वाटतो. त्या दारातून कुणी आत यायला मात्र पन्नास वर्षं लागली.

(रॉक मैफल. घामेजलेला मंच. केस चेहऱ्यावर आलेला गिटारवादक.)

जॉनी ग्रीनवुड. जन्म १९७१, ऑक्सफर्ड. रेडिओहेड या बँडचा लीड गिटारवादक. नव्वदच्या दशकात ज्यांच्या हॉस्टेलच्या खोलीत ‘क्रीप’ वाजलं असेल, त्यांना कोरसच्या आधीचे ते दोन-तीन खाडकन वाजणारे फटकारे आठवतील. ते याचेच. गाणं फारच गुळमुळीत चाललंय म्हणून वैतागून मारलेले, असं बँडमधलेच सांगतात.

पण हा पोरगा शाळेत व्हायोला वाजवत होता. कॉलेजात संगीत शिकायला गेला आणि थोड्याच दिवसांत बँडला रेकॉर्डिंगचा करार मिळाल्यावर बाहेर पडला. शिक्षण सुटलं, ओढ सुटली नाही. पेंडेरेत्स्कीचं संगीत त्याने आधी ध्वनिमुद्रणावर ऐकलं होतं. मग प्रत्यक्ष मैफलीत ऐकलं, आणि जे आवाज यंत्रातून निघाले असावेत असं वाटत होतं ते समोर बसलेली साध्या कपड्यांतली माणसं काढताहेत हे पाहिलं. हा धक्का त्याला आयुष्यभर पुरला. आयुष्य पेडल, वायरी आणि स्पीकरच्या ढिगात काढणारा माणूस सांगत राहिला की स्पीकरपेक्षा वाद्यवृंद कितीतरी गुंतागुंतीचा आहे.

२००५ मध्ये बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रासाठी त्याने ‘पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर’ लिहिली. रेडिओचं स्टेशन लागत नसताना येणारी ती खरखर आहे ना, ती तंतुवाद्यांवर. पेंडेरेत्स्कीचं ऋण त्यात लपलेलं नाही, उलट ठिकठिकाणी दिसतं. थोडं जास्तच दिसतं, खरं सांगायचं तर. गंडा नुकताच बांधलेला शिष्य जसा गुरूची खोड जशीच्या तशी गातो, तसं.

(व्रोत्स्वाफ शहर. ओडर नदी. संध्याकाळ.)

सप्टेंबर २०११. पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. युरोपियन कल्चर काँग्रेसच्या निमित्ताने दोघं एका कार्यक्रमात एकत्र आले. एक ७७ वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, देशाचा मानबिंदू. दुसरा चाळिशीला टेकलेला, मान खाली घालून बोलणारा.

रॉक आणि वाद्यवृंद एकत्र येतात तेव्हा बहुतेकदा काय होतं ते आपण ऐकलेलं आहे. गाणं तेच राहतं, मागे चाळीस व्हायोलिनं उभी केली जातात. मांडवाला झालर लावल्यासारखी. इथे उलटं झालं. गिटारवाल्याने वाद्यवृंदासाठीच नवी रचना लिहून आणली. दोघांनी एका टेबलाशी बसून एक ओळही मिळून लिहिली नाही. तरीही याला सहयोग म्हणायचं, कारण तमाशाच्या बोर्डावर किंवा कलगी-तुऱ्यात सवाल-जबाब असतो ना, तसा तो होता. फक्त सवाल १९६१ मध्ये टाकलेला होता आणि जबाब २०११ मध्ये आला.

रचनेचं नावच ‘फॉर्टी एट रिस्पॉन्सेस टू पॉलिमॉर्फिया’. अठ्ठेचाळीस जबाब, वाद्यागणिक एक.

आता ग्रीनवुडने काय केलं ते पाहा. गोंगाटाला गोंगाटाने उत्तर देणं सोपं होतं. त्याने ते अर्धवट उघडं दार धरलं. जिथे पेंडेरेत्स्की थांबला तो सा-ग-प घेतला आणि तिथून निघाला. सुरुवातीला बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या चर्चसंगीताची सावली ऐकू येते, शांत, देवघरातली. आणि ऐकता ऐकता तिचे सूर एकमेकांपासून सरकायला लागतात, ओल आलेल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसे. म्हाताऱ्याने गोंगाटातून सूर गाठला होता. याने सुरातून गोंगाटाकडे वाट काढली.

नऊ तुकडे आहेत. सगळे सारखे उतरलेत असं नाही. दोनेक तर कल्पना सुचली म्हणून लिहिल्यासारखे वाटतात. पण शेवटचा ऐकाच.

(हातात धरलेली लांब, तपकिरी, वाळकी शेंग.)

त्याचं नाव ‘पकाय ट्री’. पकाय हे दक्षिण अमेरिकेतलं झाड, आपल्या शिरीषाच्या गोतावळ्यातलं. त्याच्या वाळलेल्या शेंगा या रचनेत वादकांच्या हातात येतात, आणि त्या खुळखुळतात. गुलमोहराच्या शेंगांच्या तलवारी करून ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्या त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको. पेंडेरेत्स्कीने वादकांना वाद्याच्या लाकडावर थापा मारायला लावल्या होत्या. ग्रीनवुडने थेट झाडच मंचावर आणलं.

(ध्वनिमुद्रणाची खोली. वादक सूर जुळवताहेत.)

औक्सो हा पोलंडमधल्या तिखी शहरातला वाद्यवृंद या चारही रचना वाजवत होता: शोकगीत, ‘पॉलिमॉर्फिया’, ‘पॉपकॉर्न’ आणि अठ्ठेचाळीस जबाब. त्यांचं ध्वनिमुद्रण २०१२ मध्ये एकाच अल्बमवर आलं. जुन्या दोन रचनांचं संचालन खुद्द पेंडेरेत्स्कीने केलं, नव्या दोनांचं औक्सोचे संस्थापक मारेक मोश यांनी. त्याच वर्षी लंडनच्या बार्बिकनमध्ये हा कार्यक्रम झाला, आणि पोलंडमधल्या ग्दिन्यात ओपनर या रॉक महोत्सवातही. बँड ऐकायला आलेल्या तरुण गर्दीपुढे १९६० सालचं हिरोशिमाचं शोकगीत.

ग्रीनवुड पुढे तानपुऱ्यापर्यंत पोहोचला. २०१४ च्या ‘वॉटर’ या रचनेत त्याने तंतुवाद्यांच्या मध्ये तानपुरा बसवला. स्वरांच्या मधल्या फटी शोधत निघालेला माणूस तिथे आला नसता तरच नवल.

(धुकं. उंच झाडं. हिरव्या कुंपणांचा चक्रव्यूह.)

पेंडेरेत्स्की २९ मार्च २०२० रोजी गेले. क्राकूफपासून काही अंतरावर लुस्वावित्से गावी त्यांची वाडी आहे. तिथे त्यांनी देशोदेशीची झाडं आणून लावली, शेकडो जातींची, हिरव्या कुंपणांचे चक्रव्यूह उभे केले. अनेक झाडं अशी, की ती पूर्ण वाढलेली आपल्याला दिसणार नाहीत हे लावणाऱ्याला माहीत होतं.

(वाऱ्याचा आवाज. त्यात मिसळत जाणारी शेंगांची खुळखुळ. पडदा काळा.)