पुरात भिजलेला डिंक

श्रोतेहो, नमस्कार.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या गावभागात शिरली, तेव्हा माझे तिकिटांचे दोन अल्बम भिजले. पानाला चिकटलेली तिकिटं पाण्यात घालून सोडवली. मागचा डिंक गेला तो गेलाच. एक हितचिंतक म्हणाले, "काका, नवा डिंक लावून देतो की, कुणाला कळतंय?"

कळतं हो. तिकिटाच्या कागदाला डिंक आधी लागतो, कडेचे दाते नंतर पाडतात. त्यामुळं अस्सल दात्याच्या टोकाला कागदाचे तंतू मऊ, कोरडे, सुटे दिसतात. मागाहून लावलेला डिंक त्या टोकांत मुरतो आणि दाते ताठ होतात. दहापट भिंग घ्या, तिकीट उलटं धरा, दिसेल.

आता 1948 चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट घ्या. स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए छापखान्यातलं. त्यावर 'सर्व्हिस' असा इंग्रजी ठसा छापलेली अवघी शंभर तिकिटं गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी होती. त्यांची किंमत ऐकून भोवळ येते. नकल्या काय करतो? साधं, अस्सल तिकीट विकत घेतो आणि त्यावर ठसा उमटवतो. डिंक मूळचा, कागद मूळचा, दाते मूळचे, खोटी फक्त ती सात अक्षरं! गिऱ्हाईक पाठ बघून खूश होतं आणि पुढून फसतं. डिंक साक्ष देतो ती खालच्या तिकिटाची, वरच्या ठशाची नाही. ठशाची अक्षरं खात्रीच्या नमुन्याशी मापून ताडायची, एवढ्या किमतीला तर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र हवंच.

वापरलेल्या तिकिटावर आणखी एक खूण. ठसा आधीचा, टपालाचा शिक्का नंतरचा. ठशाची शाई शिक्क्यावर चढलेली दिसली, की तिकीट परत द्या.

1971 आठवतंय? बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' छापलं होतं. काही गावी तर तिथल्या तिथं रबरी शिक्के मारले, म्हणून नक्कल सोपी. असं तिकीट मी सुटं घेत नाही, तारखेच्या शिक्क्यासह अख्खं पाकीट असेल तरच.

माझी भिजलेली तिकिटं तशीच आहेत. पानावर पेन्सिलीनं लिहिलंय: डिंक नाही, महापूर 2019.