मोटर थांबते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची विजेची सायकल, म्हणजेच ई-माउंटन बाइक, बिघडते तेव्हा नेमके काय घडते आणि त्या वेळी स्वाराने स्वतःला कसे सांभाळावे, याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण अशा एका बिघाडात माझे मनगट दुखावले होते.

मी एका अरुंद, खडकाळ चढावर होतो. मोटरचा जोर भरपूर मिळत असल्यामुळे गिअर जड ठेवला होता, आणि एका क्षणी ती मदत अचानक बंद झाली. पेडल जागच्या जागी अडकल्यासारखे झाले, सायकल थबकली, आणि तोल सावरण्यासाठी मी पाय टेकवला तो नेमका उताराच्या बाजूला, जिथे जमीन अपेक्षेपेक्षा हातभर खाली होती. पडल्यानंतर कारण शोधले, तेव्हा मागच्या चाकाच्या स्पोकवर बसवलेला बोटाच्या पेराएवढा चुंबक एखाद्या फांदीला लागून सरकलेला दिसला. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर या चुंबकाच्या आधारावर चालतो. चुंबक त्याच्यासमोरून जाईनासा झाला की यंत्रणेला वेग कळत नाही आणि ती मोटरची मदत थांबवते. चुंबक हाताने जागेवर आणून सायकल बंद करून पुन्हा सुरू केली आणि मोटर पूर्ववत चालू झाली. बिघाड एवढासाच होता, पण तो ज्या जागी झाला ती जागा वाईट होती.

म्हणूनच चढावर मोटर कितीही साथ देत असली तरी गिअर असा हलका ठेवावा की ती बंद पडल्यास निदान दोन-चार पेडल आपल्या पायांनी मारता येतील. आणि थांबण्याची वेळ आलीच, तर पाय चढाच्या बाजूला टेकवावा. याच्या उलट धोका थांबलेल्या सायकलीचा आहे. पेडलवरचा दाब ओळखून मदत देणारी ही यंत्रणा, कड्याजवळ उभे असताना पेडलवर सहज ठेवलेल्या पायालाही प्रतिसाद देऊ शकते आणि सायकल पुढे झेपावते. अशा ठिकाणी ब्रेक दाबूनच चढावे-उतरावे आणि सायकल ढकलत न्यायची असेल तर मदतीची पातळी शून्यावर आणावी.

बॅटरीच्या बाबतीत फसगत होते ती हिशेबाची. 500 वॉट-तासांची बॅटरी, मोटर सरासरी 250 वॉट घेत असेल, तर दोन तास पुरते. पण सलग तीव्र चढावर मोटर याहून बरीच जास्त वीज घेते आणि थंडीत बॅटरीची क्षमता घटते. त्यातही जाताना उतार आणि परतताना चढ असलेली वाट सर्वांत फसवी, कारण बॅटरी भरलेली दिसत असताना आपण दूर जातो आणि खरी गरज लागते ती शेवटी. पेडलजवळ मोटर असलेल्या सायकलींमध्ये उतरताना बॅटरी पुन्हा भरत नाही. मोटर बंद पडल्यावर हातात उरते ती सुमारे 20 ते 25 किलोची सायकल, आणि ती मोटारीच्या रस्त्यापर्यंत आणणे हे दमलेल्या माणसाचे काम नव्हे.

तरीही मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ब्रेकची. स्वार आणि सायकल मिळून 100 किलो धरले आणि ते 300 मीटर उंचीवरून संथ वेगाने खाली आले, तर ब्रेकना जवळपास 290 किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते; एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीच्या जवळ नेण्याइतकी ही उष्णता दोन पातळ चकत्यांमध्ये आणि चार लहानशा पॅडमध्ये साठत जाते. ब्रेक सतत हलका धरून ठेवल्यास त्यांना निवण्याची संधीच मिळत नाही, म्हणून जिथे वाट मोकळी दिसते तिथे सोडावा आणि वळणाआधी ठामपणे दाबावा. ब्रेकची मूठ नेहमीपेक्षा जास्त आत येऊ लागली किंवा जळका वास आला, तर पुढचा टप्पा उतरण्याऐवजी तिथेच थांबावे. तापलेल्या चकतीला हात लावू नये आणि तिच्यावर पाणीही ओतू नये.

युरोपात अशा सायकलींना सलग चालताना 250 वॉट शक्तीच्या मोटरची (थोड्या वेळापुरती ती याहून जास्त जोर देऊ शकते) आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत देण्याची मर्यादा आहे. सेन्सरला चकवून ही मर्यादा ओलांडणारे स्वार मला भेटले आहेत, आणि त्यांना मी कळकळीने सांगतो की यंत्रणेला खोटा वेग दाखवून ब्रेकची ताकद वाढत नाही.

बॅटरी दगडावर आपटली असेल, फुगलेली दिसत असेल, वापर नसतानाही गरम लागत असेल किंवा तिला चमत्कारिक वास येत असेल, तर ती चार्ज करू नये आणि घरात ठेवू नये. मोकळ्या जागी, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून जाणकाराला दाखवावी. गोठणबिंदूखाली गारठलेली बॅटरीही लगेच चार्जरला लावू नये, कारण त्याने तिच्या आत कायमची इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही.

त्या पडण्यानंतर मी दोन गोष्टी नेमाने करतो. नव्या वाटेवर जाण्याआधी ओळखीच्या चढावर मोटर बंद ठेवून सायकल चालवून पाहतो, म्हणजे माझे पाय तिला कुठवर आणू शकतील हे मला कळते. आणि चुंबक ज्या जागी असायला हवा, तिथे स्पोकवर मी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आहे. निघताना चाक एकदा फिरवतो आणि चुंबक रेघेला चिकटलेला दिसला की मगच हेल्मेटचा पट्टा आवळतो.

नमस्कार.